रायफलीला कुठला लॉट मानवतो

गेल्या जूनमधल्या सामन्यात माझ्या मुलीचे साठ शॉट संपले. तिने रायफल स्टँडवर ठेवली, जॅकेटची बटणं सोडली आणि माझ्याजवळ येऊन पहिलं वाक्य बोलली ते असं : "बाबा, सहा शॉट माझे नव्हते."

ती पंधरा वर्षांची आहे. दहा मीटर एअर रायफल खेळायला लागून तिला तीन वर्षं झाली. स्कोअर कमी आला की पोरं काहीतरी कारण सांगतात, हे मला कळतं. पण तिच्या सरांनी तिला पहिल्या महिन्यापासून एक सवय लावली आहे. शॉट सुटला की स्क्रीनकडे बघण्याआधी तो कुठे गेला असेल ते मनात म्हणायचं, आणि सराव असेल तर वहीत लिहायचं. याला कॉल करणं म्हणतात. घरी आल्यावर मी तिची वही घेऊन बसलो. बहुतेक शॉटना तिचा कॉल आणि स्क्रीनचा आकडा एक-दोन दशांशांच्या आत जुळत होता. मग मध्येच एखादा असा, की हिने लिहिलंय १०.४ आणि स्क्रीनवर ९.८. कधी उजवीकडे, कधी खाली, कधी वर.

मी इंदूरजवळच्या पीथमपूरला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय. हातातल्या दोषाला एक दिशा असते. ट्रिगर ओढला, खांदा ढिला पडला, तर शॉट ठरावीक बाजूला जातात. हे चारी दिशांना विखुरलेले होते. पोरीचं म्हणणं खरं असावं, असं मला त्या वहीनं पटवलं.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहा मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छापील पूर्णविरामाएवढा. पेलेट, आपण ज्याला छर्रा म्हणतो तो, साडेचार मिलिमीटरचा. तो ठिपक्याच्या केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गुण जातो. १०.९ हा सगळ्यात वरचा गुण. १०.४ म्हणजे दीड मिलिमीटर बाजूला आणि ९.८ म्हणजे तीन. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्णपदक घेतलं, तेव्हा त्याचा पेलेट बरोबर मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. अशा ठिकाणी दीड मिलिमीटर कुठून येतोय, हे शोधणं मला फार गरजेचं वाटलं.

आमच्या सौ.च्या मावशीचे दीर इंदूरजवळच महूला असतात. मूळचे सातारचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीची शेवटची वर्षं महूत गेल्यामुळे तिथेच घर बांधून राहिले. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून मोठमोठे नेमबाज तयार झाले, २०१२ ला लंडनमध्ये रौप्यपदक घेणारे विजय कुमार त्यातलेच. काकांनी स्वतः तीनशे मीटरला बरंच फायरिंग केलेलं. मी वही घेऊन रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दहा-बारा पानं शांतपणे बघितली.

"पोरगी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "पण तू अजून रायफलीला कुठं विचारलंयस?"

मग तासभर त्यांनी मला लांबच्या नेमबाजीतलं सांगितलं. परदेशात हजार मीटरला खेळणारे लोक बाजारातलं काडतूस वापरतच नाहीत, स्वतःचं स्वतः भरतात. वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, निवडायची, तिची लांबी सारखी करायची, प्रायमर, म्हणजे बारूद पेटवणारी टोपी, बसवायचा, बारूद अगदी दाण्यापर्यंत तोलून घालायची, गोळी प्रत्येक वेळी तेवढीच आत बसवायची. हे सगळं कशासाठी? प्रत्येक गोळीचा वेग सारखा यावा म्हणून. हजार मीटरला गोळी जाता जाता दहा-बारा मीटर खाली येते. वेगात सेकंदाला पाच मीटरचा फरक पडला तरी ती जवळजवळ वीतभर वर किंवा खाली लागते. तिथे तराजू हाच खरा गुरू.

आपल्याकडे काडतूस तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. हौस म्हणून घरी बसून करायची ती गोष्ट नाही, आणि काकांनी ते दोनदा बजावून सांगितलं. शिवाय आमच्या खेळात भरायला आहेच काय? पन्नास मीटरला लागणाऱ्या पॉइंट टू टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, ती केस एकदा वापरली की संपली. एअर रायफलला तर बारूदच नाही, शिशाचा एक तुकडा आणि दाबलेली हवा.

"म्हणजे आपल्या हातात काहीच नाही," मी म्हणालो.

"निवडणं आहे की," काका म्हणाले.

मी घरी आलो तो डोक्यात तराजू घेऊनच. काकांचं निम्मंच ऐकलं मी, हे नंतर कळलं. माझा धाकटा मेहुणा सराफ्यात एका पेढीवर कामाला आहे. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच फळ्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या कढया. मेहुण्याच्या शेठांनी मिलिग्रॅम दाखवणारा एक जुना काटा आठवडाभर वापरायला दिला, शिवाय डोळ्याला लावायचं भिंगही. काटा मी आमच्या लोकमान्य नगरच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला. ओटा दगडी, हलत नाही. पंखा बंद, खिडकी बंद. वाऱ्याची झुळूक आली तरी शेवटचा आकडा नाचायचा.

डब्यावर लिहिलेलं वजन ०.५३ ग्रॅम. पाचशे पेलेट एकेक करून चिमट्याने ठेवायचे, आकडा स्थिर होऊ द्यायचा, उचलायचे, त्या त्या वजनाच्या भांड्यात टाकायचे. भांडी म्हणून मी दिवाळीच्या उरलेल्या पणत्या घेतल्या होत्या. एकावर ५२९, एकावर ५३०, एकावर ५३१, असे पेन्सिलीने आकडे घातले. तीन रात्री गेल्या. बरेचसे ५२८ ते ५३४ मध्ये आले, सात-आठ पेलेट अगदीच बाहेरचे निघाले. ओट्यावर ओळीने मांडलेल्या त्या पणत्या बघून मला फार समाधान वाटलं होतं. आता प्रत्येक पेलेट दुसऱ्यासारखा.

पुढच्या रविवारी काका इंदूरला आले. एका पणतीतला पेलेट त्यांनी तळहातावर घेतला, खिडकीशी नेला आणि माझ्याकडे दिला. "भिंगातून बघ." शिशाच्या कडेला तांबूस कण चिकटलेले होते. पणतीची माती. शिसं इतकं मऊ की चिमट्याच्या दाबानेसुद्धा त्यावर खूण उठते, भाजक्या मातीचे कण त्यात रुतून बसणारच. हेच पेलेट मी पोरीच्या बॅरलमधून सोडायला निघालो होतो. त्या रात्री सगळे पाचशे टाकून दिले. पुढे प्रत्येक वेळी स्टीलच्या वाट्या वापरल्या, त्यात मऊ सुती कापड घालून. त्या वाट्या आता परत स्वयंपाकात घ्यायच्या नाहीत, हे घरात ठरलं. शिसं पोटात जाणं वाईट, मुलांच्या तर फारच. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय पोहे-जिलेबीच्या गाडीवर थांबायचं नाही, हा नियम आम्ही आजही मोडत नाही. पेलेट दातात धरून ठेवायची सवय असलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांना मी जाऊन सांगतो, ओळख असो नसो.

मग खरं काम सुरू झालं, रायफलीला विचारण्याचं. माणूस मधून काढून टाकायचा, रायफल पक्की आवळायची आणि तिला एकाच जागी पुन्हा पुन्हा सोडू द्यायचं. मोठ्या स्पर्धकांसाठी पेलेट बनवणाऱ्या कंपन्या हेच करतात. मी पीथमपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडाचा व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा, करून घेतला, आतून चामडं लावलं, आणि रेंजच्या मालकांच्या परवानगीने तो शेवटच्या लेनच्या काँक्रीटच्या ओट्यावर चार बोल्टांनी बसवला. रायफलीचा लाकडी दस्ता, म्हणजे स्टॉक, काढून नुसती ॲक्शन, म्हणजे पेलेट भरायचा-सोडायचा यंत्रभाग, आणि बॅरल त्यात धरायची. खुद्द बॅरलवर पट्टी आवळायची नाही, नाहीतर तिचा ताण ग्रुपमध्ये, म्हणजे भोकांच्या पुंजक्यात, दिसतो. पहिल्या दिवशी मी नेमकं तेच केलं होतं आणि सगळी भोकं उभी लांबट पडली. पट्टी मागे ॲक्शनवर घेतली तेव्हा ग्रुप गोल यायला लागला.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटऐवजी कागदी कार्ड लावली. सामन्याच्या पेलेटचं तोंड सपाट असतं, त्यामुळे कागदाला पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं. दहा शॉट एकाच कार्डावर सोडायचे. लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेले पेलेट. उत्तम लॉट असेल तर दहा पेलेट मिळून एकच भोक होतं, जणू एकच शॉट मारलाय, फक्त किंचित मोठा. मग व्हर्नियरने त्याचं माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायचं. साडेचारचा पेलेट, म्हणजे भोक पाच-सव्वापाचचं आलं तर त्याहून जास्त मागू नये. सिलिंडरचा दाब मी प्रत्येक कार्डाच्या आधी बघून लिहायचो. मेक बदलला की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा लेप असतो, नव्याला जागा करून घ्यायला वेळ लागतो. हेही काकांचंच.

पहिली परीक्षा माझ्या तराजूची. नवा डबा घेतला, त्याच लॉटचा. त्यातले पन्नास तोलून एकाच वजनाचे काढले आणि पन्नास न तोलता, हाताला येतील ते घेतले. पाच कार्डं याची, पाच त्याची. तोललेल्यांची सरासरी ७.४ मिलिमीटर. न तोललेल्यांची ७.६. मी मापं पुन्हा घेतली. मुलीनेही घेतली. तीन रात्रींच्या कामाची किंमत दोन दशांश मिलिमीटर, आणि तेवढा फरक तर एका डब्यातल्या दोन कार्डांतही पडतो.

काका शेजारी खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "आता हिशेब कर. तुझं शिक्षण त्यासाठीच आहे."

मी तिथेच कार्डाच्या पाठीवर केला. पेलेट निघतो सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने. दहा मीटरला त्याला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तो सोळा मिलिमीटर खाली येतो, फक्त सोळा. वजनात एक टक्का फरक असेल तर वेगात अर्धा टक्का पडतो. त्याने खाली येण्यात फरक किती? एक टक्का. म्हणजे एक मिलिमीटरचा सहावा भाग. हजार मीटरवाल्याला जो तराजू जीव की प्राण, त्याला दहा मीटरवर करण्यासारखं फारसं काही उरतच नाही. मी लांबच्या नेमबाजीचं औषध जवळच्या दुखण्यावर लावत होतो. तो हिशेब आधी केला असता तर तीन रात्री वाचल्या असत्या. पण ती कार्डं हातात धरल्याशिवाय मी मानलं असतं का, कोण जाणे.

मग इथे फरक पडतो कशाने? पेलेट बॅरलच्या खाचांत कसा बसतो त्याने. पेलेटचं डोकं खाचांवर टेकतं आणि मागची पातळ घेरदार कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती हवेच्या दाबाने फुगून बॅरल बंद करते. डोक्याचं माप डब्यावर लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१. हे शंभरांश मिलिमीटरचे फरक आहेत, पण एकाच कंपनीच्या दोन बॅरलही शंभरांशात सारख्या नसतात. कुणाला काय मानवेल हे कॅटलॉग वाचून कळत नाही. आणि स्कर्टला जरा जरी चेप आला तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेट बॅरलमधून बाहेर पडतानाच तिरका होतो. भिंगातून बघितलं तेव्हा आमच्या नेहमीच्या डब्यात दर शंभरात चार-पाच चेपलेले सापडले. डबे प्रवासात आदळत-आपटत येतात, आणि आम्ही तोच डबा किटबॅगेत उलटासुलटा कोंबून रोज नेत होतो.

पुढचे सहा रविवार आम्ही लॉट तपासण्यात घालवले. दुकानदाराकडून, सरांकडून, दुसऱ्या पालकांकडून मिळेल तिथून एकेक डबा आणला. जर्मन, झेक, तीन मापांचे, एकूण अकरा लॉट. प्रत्येक डब्यावरचा लॉट नंबर वहीत, वहीतल्या ओळीशेजारी कार्ड चिकटवलेलं. मुलगी लोड करायची, मी ट्रिगर दाबायचो, ती कार्ड बदलायची. मध्ये मध्ये ती मला भौतिकशास्त्राचा धडा वाचून दाखवायची, दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी असायची.

जे हाती आलं त्याने मी चकित झालो. आम्ही तीन वर्षं वापरत होतो ते ४.५० माप चुकीचं नव्हतं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, फक्त वेगळ्या लॉटचा एक डबा निघाला, त्याची पाच कार्डं ५.२, ५.३, ५.२, ५.४, ५.२. आमचा जुना लॉट साडेसातवर अडकलेला. डब्याचा रंग, चित्र, किंमत, सगळं तंतोतंत तेच, तळाच्या स्टिकरवरचे आकडे तेवढे वेगळे. साचा झिजतो, बदलतो, शिशाची भट्टी बदलते. कारखान्यात काम केलेल्या माणसाला याचं नवल वाटायला नको होतं, तरी वाटलं. सगळ्यात महागडा डबा अकरात सातवा आला. आणि आमच्या बॅरलला नको असलेला जुना लॉट शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या रायफलला लावून बघितला तर त्याचा ग्रुप ५.५! उरलेले डबे त्याच्या वडिलांनी आनंदाने घेतले.

चांगला लॉट सापडल्यावर तो साठवावा लागतो, कारण तो पुन्हा बनत नाही. एका सामन्याला साठ शॉट आणि आधीचे सायटर, म्हणजे न मोजले जाणारे अंदाजाचे शॉट, धरून शंभरेक पेलेट लागतात. सराव रोजचा. दुकानात त्या लॉटचे चारच डबे उरलेले होते. दुकानदार म्हणाले, "सब ले जाओ भैया, फिर मत बोलना." चारही घेतले. ते फक्त सामन्यासाठी आणि सामन्याआधीच्या आठवड्यासाठी. रोजच्या सरावाला दुसऱ्या क्रमांकाचा लॉट, ५.६ चा. डबे आता कपाटात सपाट ठेवलेले असतात, आत वरून फोमची चकती, आणि रेंजवर नेताना त्या दिवसापुरते पेलेट खाचा असलेल्या ट्रेमध्ये, प्रत्येक आधी भिंगाखालून गेलेला. हे भिंगाचं काम मुलगी स्वतः करते, रात्री जेवणं झाल्यावर. पाच-सात मिनिटं लागतात.

पुढच्या वर्षी तिला पन्नास मीटर सुरू करायचंय. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनला कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. मी तिच्यासाठी हिशेब करून ठेवलाय. पॉइंट टू टूची गोळी निघते सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, पन्नास मीटरला बारा सेंटिमीटर खाली येते, आणि वेगात पाच मीटरचा फरक पडला तर साडेतीन-चार मिलिमीटर उभा फरक पडणार. तिथे एक दशांश म्हणजे आठ दशांश मिलिमीटर. म्हणजे तिथे लॉट बघताना बॅरलचं जमणं आणि वेगाची समानता, दोन्ही बघावं लागेल. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की व्ही-ब्लॉकचं चामडं बदलून घे.

नव्या लॉटवर तिने पहिला पूर्ण सराव केला त्या संध्याकाळी मी मागे बसून होतो. स्क्रीन तिच्या बाजूने पुठ्ठ्याने झाकली होती, मलाच दिसत होती. ती कॉल करायची, मी स्क्रीनचा आकडा लिहायचो. १०.५, स्क्रीन १०.५. १०.३ खाली, स्क्रीन १०.४ खाली. चाळीस शॉट असेच गेले. मग एक शॉट सुटला आणि तिने रायफल जरा उशिरा खाली घेतली.

"नऊ पॉइंट सात. डावीकडे. श्वास संपला होता, सोडायला हवा होता," ती म्हणाली.

स्क्रीनवर ९.७ होते, डावीकडे. मी वहीत लिहिलं आणि तिला म्हटलं, बरोबर आहे, पुढचा घे.